चार आणि सहा वर्षांच्या पोरांसोबत परसात भाजी लावायचीय, काय लावू?

परसदारची
नमस्कार मंडळी, आम्ही यंदा मे महिन्यापासून गुहागरजवळ सासरच्या घरी राहायला आलोय, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार. घरामागे माडांच्या मधे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे, सकाळी दहापर्यंत चांगलं ऊन असतं, नंतर सावली-ऊन सावली-ऊन. माती लाल जांभ्याची, पाण्याला विहीर आहे. गणपती गेल्यापासून दोघंही घरात नुसता धिंगाणा घालतायत आणि मोबाईलवरून भांडणं, म्हणून म्हटलं यांच्यासोबत भाजी लावूया. व्हिडिओ बघितले तर सगळीकडे लाकडी पेट्या, स्ट्रॉबेरी, रंगीत प्लास्टिकची हत्यारं, ते इथे काय कामाचं.
सासूबाई म्हणतात दसऱ्यापर्यंत थांब, आत्ता पेरलंस तर कुजेल नाहीतर वाहून जाईल. पण पोरांना थांबवणार कसं? आणि धाकटीची खोड अशी की काही पुरलं की रोज उकरून बघायचं, आलं का आलं का. मिरचीच्या बिया तिने इतक्या वेळा वरखाली केल्यात की त्या बिचाऱ्या कधी रुजणार देव जाणे.
तर लवकर येणारं काय लावता येईल, आणि चार वर्षांच्या पोरीला नेमकं कुठलं काम द्यायचं ते सांगा. शेजारच्या कोंबड्या येतात आणि माकडं तर आहेतच.

खळ्यातली_काकू
सासूबाई बरोबर सांगतायत हो. परतीचा पाऊस एकदा धो धो येऊन गेला की बारीक बी सगळं एका कोपऱ्यात जाऊन बसतं. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही, पडवीत करा ना सुरुवात.
मेथी घ्या, डब्यातली मेथी, वेगळं बी आणायला जाऊ नका. मुंबईत ती बारीक मेथी मिळते बघा इवल्या इवल्या जुड्या, मुळासकट, ती वाळूतच करतात. तसंच पसरट भांडं नाहीतर फुटकी बादली आडवी कापून, खाली भोकं पाडून वाळू-माती भरायची, मेथी रात्रभर भिजवून दाट पसरायची, वर बोटभर नको, नुसती झाकेल एवढी माती. तीन दिवसांत वर. दहाबारा दिवसांत उपटून कांदा घालून परतायची. मुलं उपटायला जाम खूष असतात, लावण्यापेक्षा उपटणंच जास्त आवडतं त्यांना. फक्त वाळू समुद्रावरची आणू नका, खारट असते, पऱ्ह्याची, म्हणजे ओढ्याची आणा.
उकरून बघायचं म्हणता तर तिला एक करवंटी उकरायसाठीच द्या! तीत मूग टाकायचे, ही तुझी, हवी तेवढी उकर, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आमच्या नातीला हे लगेच पटलं होतं, मोठ्यांना पटायला वेळ लागला. करवंटी डोळ्यांच्या बाजूची घ्यायची, तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो तो खिळ्याने सहज टोचला जातो, जादाचं पाणी तिथून जातं, वेगळं भोक पाडायला नको.
दसऱ्यानंतर वाफा करा, लाल माठ आणि मुळा. वाफा म्हणजे काय तर दोन हात लांब एक हात रुंद पुरे, पोराचा हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ती वाफ्यातच जाऊन उभी राहतात. जांभ्याची माती आंबट असते, शेणखतासोबत चुलीतली राख चांगली दोनतीन ओंजळी मिसळा. माठाचं बी मोहरीपेक्षा बारीक, पोरांच्या मुठीतून एकाच जागी भस्सकन पडतं, म्हणून मूठभर बी आणि चार मुठी कोरडी वाळू असं कालवून द्यायचं. आणि पेरलं की वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढायची, नाहीतर मुंग्या रातोरात बी घेऊन जातात, अगदी रांगेत. खरं म्हणजे पोरांना ती रांग दाखवा एकदा, माठापेक्षा त्यात जास्त वेळ रमतील.
माठ महिन्याभरात काढायला येतो. मुळ्याला दीड महिना धरा, पण पाला त्याआधीच विरळणी करताना मिळतो, त्याची भाजी करायची.

माडाखालचो
पोरांका मातयेत खेळाक देवा. मोठ्या माणसांनी मध्ये मध्ये करूचा नाय. माझ्या नातवान गेल्या वर्षी मुळ्याच्या वाफ्यात खेळण्यातली गाडी पुरून ठेयलेली, ती रुजता काय ता रोज बघी होतो. बघूदे. मुळे झाले, गाडी काय रुजाक नाय.

अंगणवाडी_ताई
वरच्या आजोबांना माझं अनुमोदन 😄
ताई, मी अंगणवाडीत काम करते, आमच्याकडे तीन ते सहा वर्षांची मुलं असतात आणि सप्टेंबर म्हणजे पोषण माह, त्यामुळे परसबागेचं आमचं दरवर्षी ठरलेलंच. या वयाच्या मुलांना 'बाग करूया' म्हटलं की काहीच कळत नाही, त्यांना एकेक काम वेगळं लागतं, तेही पाच-दहा मिनिटांचं. त्यानंतर ती पळणारच, पळू द्यायचं.
चार वर्षांच्या मुलीला जमणारी कामं सांगते. ढेकळं हाताने फोडणं, हे सगळ्यात आवडतं. पातेरा गोळा करून आणणं, तो वाफ्यावर पसरायला लागतोच. मोठं बी बोटाने खड्डा करून टाकणं, म्हणजे भेंडी, चवळी, वाल, भोपळा, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खड्डा असं सांगितलं की माप त्यांच्याच हातात राहतं. भेंडीचं बी रात्रभर भिजवलेलं असलं तर बरं. नारळाचे हीर वाफ्यात रोवून कुठे काय लावलंय त्याची खूण करणं, हिराच्या टोकाला तिने काढलेलं चित्र. टोकाला तेवढं लक्ष ठेवा, डोळ्यात जायला नको, आम्ही दुमडून घेतो. पाण्याला बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडायची आणि बाटली उलटी करून दाबायची, तांब्याने घातलं तर बी उसळून बाहेर येतं. सहा वर्षांच्याला शिपणं जमेल पण विहिरीवर एकटा पाठवू नका.
अजून एक, नवरात्र येतंच आहे. घटाला आपण माती घालून धान्य पेरतोच ना, त्याच्या बाजूला मुलांचं एक वेगळं मडकं ठेवा, देवाच्या घटाला हात लावायचा नाही म्हणून ती हिरमुसतात. रुजवण नऊ दिवसांत वीतभर होते, दसऱ्याला थोरल्याच्या टोपीत आणि धाकटीच्या केसांत. यात धान्य पेरणं, पाणी बेतानं घालणं, अंधारात पिवळं होतं आणि उजेडात हिरवं होतं हे सगळं आपोआप येतं, दोन मडकी केलीत तर एक देवघराच्या कोपऱ्यात आणि एक खिडकीत ठेवून बघा.
वालाचा खेळही छान आहे. काचेच्या बरणीत आतून ओलं फडकं लावायचं आणि फडकं आणि काच यांच्या मधे वाल सरकवायचा. मूळ आधी खाली जातं, मग दाणाच वर उचलला जातो. मग बरणी आडवी करून ठेवायची, दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळतं. आमची पोरं त्याला 'वाकडा वाल' म्हणतात.
एक महत्त्वाचं राहिलं. दुकानातून पाकिटातलं बी आणलंत आणि ते गुलाबी-निळं-हिरवं रंगवलेलं असलं तर ते मुलांच्या हातात देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं आणि लहानांना ते गोळ्या-चॉकलेटसारखं दिसतं. मुलांसाठी घरचं बी नाहीतर स्वयंपाकघरातलं, मेथी, धने, मूग, चवळी, वाल. धने पेरताना लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करून घ्यायचे. कोथिंबिरीला आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढा धीर मुलांना नसतो, म्हणून ती मेथीच्या बाजूलाच पेरा म्हणजे मेथी बघता बघता तीही येते.

परसदारची
बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी, धन्यवाद. उकरायची करवंटी आजच दिली, धाकटीने मुगाचं नाव ठेवलंय 'बाळ'. थोरल्याला मात्र हे सगळं बाळबोध वाटतंय, त्याला मोठं काहीतरी पाहिजे, गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगतात त्या चौकटीला, पडवळ बांधलेलं बघितलं तेव्हापासून त्याला पडवळच लावायचंय. आत्ता लावलं तर येईल का?

तवशीवाला
आत्ता नको. पडवळ, दोडकी, तवशी (मोठ्या काकड्या), कारली ही सगळी मिरगाची, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बी पडायला हवं, मग गणपतीला मांडव लोंबतो. पण तुमच्याकडे विहीर आहे तर संक्रांतीनंतर उन्हाळी वेल लावता येतील, विहीर मे महिन्यात मचूळ होत नसेल तर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण श्वेता' म्हणून पडवळाची जात आहे, कारल्यात 'कोकण तारा', तालुक्याला चौकशी करा. विद्यापीठ १९७२ चं, कोकणच्या मातीत आणि पावसात टिकणाऱ्या जाती हे त्यांचं मुख्य काम, बाहेरच्या पाकिटांपेक्षा मी तेच घेतो.
पोरासाठी पडवळ मात्र खरंच एक नंबर, कारण त्याला त्यात काम आहे. फळ वीतभर झालं की खालच्या टोकाला दगड बांधायचा, नाहीतर ते गोल गोल वळतं. दगड शोधणं हे पोराचं काम. सुपारीएवढा, जास्तीत जास्त लिंबाएवढा, सुतळी नाहीतर केळीच्या सोपटाने बांधायचा, गाठ सैल, कारण टोक वाढत असतं. जड बांधला तर देठच तुटतो, एखादं तुटूदे, मग वजनाचा अंदाज येतो. माझा मुलगा पहिल्याच दिवशी सगळ्या फळांना दगड बांधून बसला, जी दोन बोटांएवढी होती त्यांनाही, मांडवाखाली जायला जागा नव्हती. आणि एक फळ मुद्दाम बिनदगडाचं ठेवायचं. ते कसं वेटोळं होतं ते बघितल्यावर बाकीच्यांना का बांधतो हे सांगावं लागत नाही.
फुलं संध्याकाळी बघायला न्या, दिवेलागणीला उघडतात, पांढरी, कडेला दोऱ्यासारखी झालर असते, पतंग येतात त्यांच्यावर. भोपळ्याचं उलट, पहाटे उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं. भोपळ्यात मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, नर फुलाला नुसता देठ. पावसात माश्या कमी असतात तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादीच्या मधे टेकवायचं. हे सहा वर्षांचं पोर मस्त करतं, सकाळी आठच्या आत. आमच्याकडे 'आज कोणाचं लगीन' म्हणून ओरडत उठायची पोरं.
जून येईपर्यंत त्याला रताळी द्या. दसऱ्याच्या आसपास वेलाचे वीतभर तुकडे लावले की महाशिवरात्रीला उपासाला घरची रताळी. बी नको काही नको, तुकडा आडवा पुरायचा, दोन डोळे मातीत, शेंडा बाहेर. माती मात्र सैल पाहिजे, उंच वरंबा करा, जांभ्याच्या घट्ट मातीत रताळं वाकडंतिकडं होतं.

कातळावरचा
सगळं ठीक आहे पण माकडांचं कोणी बोललं नाही. मी राजापूरकडचा, आमच्याकडे वानरांची टोळी आली की भोपळा काय नि काकडी काय, अर्धी खातात अर्धी फेकतात, पोरं रडतात ते वेगळंच. म्हणून माझा सल्ला, मुलांच्या वाफ्यात निदान एकदोन गोष्टी अशा ठेवा ज्यांना माकड फारसं विचारत नाही, हळद, आलं, अळू. अळू न्हाणीच्या पाण्यावर आपोआप फोफावतं. त्याच्या पानावर पाणी ओतलं की थेंब घरंगळत राहतो, पान भिजतच नाही, हा खेळ पोरं तासभर खेळतात. फक्त देठ मोडून चीक हाताला लागला की खाज, तो हात डोळ्याला लागला तर अजून वाईट, तेवढं सांभाळा.
करांदेही लावा पुढच्या पावसात. जमिनीखाली नाही, वेलावरच बटाट्यासारखे लागतात, लहान मुलाला हे अजिबात पटत नाही की बटाटा वर कसा.
कोंबड्यांना उपाय सोपा, पेरलेल्या वाफ्यावर माडाचं झाप आडवं टाका, कोंब आले की संध्याकाळी उचला आणि कडेने कुंपण करा. कुंपणाला चंद्रज्योत लावू नका!! आणि आधीची असेल तर पोरांना तिच्या बिया दाखवून ठेवा. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाब, दवाखाना. एरंडाचंही तेच.

परिचारिका_रत्नांग्री
वरच्या चंद्रज्योतीला दहा लाईक. अजून थोडं माझ्या कामाचं सांगते, घाबरवायचं नाहीये.
चपला घालूनच मातीत. अनवाणी पायांतून हुकवर्म शिरतो, आणि जंताची गोळी अंगणवाडीत-शाळेत वर्षातून दोनदा देतात ती चुकवू नका. मुलाचा पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर झालाय का कार्डावर बघा, राहून जातो तो बऱ्याच जणांचा. साचलेल्या पाण्यात, गुरं-उंदीर फिरतात तिथे, पायाला जखम असेल तर उतरू देऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आपल्याकडे दर पावसात असतो.
आणि फुरसं, तो छोटा विषारी साप. आपल्या कातळाच्या भागात फुरसं दगडांच्या ढिगात, पातेऱ्यात बसलेलं असतं, जेमतेम हातभर आणि मातीच्याच रंगाचं. वर दगड शोधणं नि पातेरा आणणं मुलांचं काम म्हटलंय, ते करा, पण आधी मोठ्यांनी काठीने ढीग हलवायचा, मग मुलांनी उचलायचं. गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालायचा नाही. चावलंच काही तर बांधत-कापत बसू नका, हात-पाय हलवायचा नाही आणि सरळ सरकारी दवाखाना.
मोठ्या गोगलगायी आल्या असतील तर मुलांना मोजू द्या पण हाताने उचलू देऊ नका, चिमट्याने नाहीतर पिशवी हातात घालून, आणि पाला चांगला धुऊन, शिजवूनच खा.

अलिबागकर
उत्तर कोकणातून एक भर घालतो, वाल! भात कापलं की त्याच ओलीवर आमच्याकडे वाल टाकतात, पाणी घालायची कटकट नाही. मुलांनी टोचलेला वाल थंडीत शेंगांवर आला की पोपटी. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, वर परत पाला, पाण्याचा थेंब नाही, आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. भाजी खात नाही म्हणणारी पोरं पोपटीच्या शेंगा सोलून सोलून ढीग करतात. पांढरा कांदाही लावा चार, काढल्यावर पातीची वेणी घालायला मुलींना फार आवडतं, आणि मुलग्यांनाही, फक्त ते कबूल करत नाहीत.

दोन_पोरांचा_बाप
सगळेजण नेहमी म्हणतात की स्वतः लावलं की मुलं खातात. माझा मुलगा मुळ्याला रोज पाणी घालायचा, गुड नाईट करायचा, आणि मुळा ताटात आला की 'वास येतो' म्हणून उठायचा. अजूनही खात नाही. तेव्हा खाण्यासाठी करू नका, खाल्लं तर बोनस.

खळ्यातली_काकू
त्याला मुळ्याच्या शेंगा द्या, डिंगऱ्या. दोनचार मुळे न काढता तसेच ठेवायचे, फुलं येतात, मग शेंगा. कच्च्या कुरकुरीत, वास कमी. आणि त्यातल्याच वाळवून पुढच्या वर्षीचं बी. पण शेजारच्या मुलाने तोडून खाल्ल्या की मगच आपलं खातं, हे लक्षात ठेवा.

दोन_पोरांचा_बाप
शेजारचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, तो माती पण खातो 😂 बघतो करून.

परसदारची
काल पाऊस नव्हता तर थोरल्याला घेऊन वाफ्याची जागा आखली, चार कोपऱ्यांना हीर आणि सुंभ बांधून. गडग्याला लागून ठरवत होतो, परिचारिका ताईंचं फुरशाचं वाचून मधे सरकवली. मेथी पडवीत टाकलीय, नवरात्राची दोन मडकी सासूबाईंनी स्वतःहून काढून दिली, म्हणाल्या एकात नाचणी पण टाक. पडवळ जूनपर्यंत थांबेल असं त्याला सांगितलं तर म्हणे मग दगड आत्ताच गोळा करून ठेवतो, पायरीवर रांग लावून ठेवलीय सगळ्या साईजची.
आता एकच, रताळ्याचे वेल कुठे मिळतील? नर्सरीत विचारलं तर म्हणाले आम्ही ठेवत नाही.

तवशीवाला
नर्सरीत नाही मिळायचे. बाजारात भाजीवाल्या मावशी बसतात त्यांना सांगून ठेवा, ज्यांच्या घरी रताळी आहेत त्या पुढच्या बाजाराला वेल आणून देतात, पैसे पण बहुतेक घेत नाहीत. नाहीच मिळाले तर दोन रताळी आणून ओल्या वाळूत अर्धी पुरून ठेवा, दोनतीन आठवड्यांत कोंब येतात, ते वीतभर झाले की तोडून लावा. लाल सालीची घ्या.

माडाखालचो
गुहागराक कोण येता-जाता आसलो तर माझ्याकडे वेल आसत. गोणभर न्हेवा. पोराक सांगा दगड जपून ठेय.